ज्या उन्हाळ्यात सुई पडली नाही

एप्रिल अर्धा सरला की कडुनिंबाचा फुलोरा झडून आमच्या सिम्युलेटर-रूमच्या पायऱ्यांवर पसरतो. झाडूवाली तो सकाळी काढते, दुपारच्या लूबरोबर तो परत येऊन बसतो. त्याच पायऱ्यांवर सावलीचा एखादा तुकडा शोधून मुलंमुली बसलेली असतात. मांडीवर प्लास्टिकच्या कव्हरातली चेकलिस्ट, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. परीक्षेचे दिवस. पायलटच्या लायसन्ससाठी द्यायची उड्डाणाची परीक्षा पावसाच्या आत उरकायची असते, कारण एकदा माळव्यावर ढग बसले की लहान विमानं दिवसेंदिवस हँगरमधून बाहेर निघत नाहीत.

मी कुलपात किल्ली घालते तेव्हा त्यांच्यातलं कुणीतरी पुटपुटत असतं, "राइट, बोथ, लेफ्ट, बोथ." अगदी पाढे म्हटल्यासारखं. आणि दर वर्षी त्या चार शब्दांसरशी माझे खांदे खाली येतात. दिवस अजून सुरूही झालेला नसतो आणि मी दमलेली असते.

लोकांना वाटतं वयामुळे. चोपन्न म्हणजे काही वय नाही. हा थकवा जुना आहे, एका उन्हाळ्यातला आहे. तो अंगातून पुरता उतरलाच नाही.

मी इंदूरच्या परदेशीपुऱ्यात वाढले. वडील कापडगिरणीत विणकाम खात्यात होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होते, इलेक्ट्रॉनिक्सला. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि भांडण झालं की दोन्ही. पुण्याची आतेबहीण म्हणायची, तुमची मराठी म्हणजे हिंदीला नऊवारी नेसवलेली. म्हणू दे. आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले, मग दवाखान्यांतली एक्स-रे मशीनं, आणि शेवटी फ्लाइंग शिकवणाऱ्या या केंद्रात सिम्युलेटरवर आले. विमान मी आजवर कधीच चालवलेलं नाही. पण चालवायच्या आधी काय काय बघायचं असतं, ते सगळं मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल.

सिम्युलेटर म्हणजे दोन सीटांच्या छोट्या विमानाची केबिन, तशीच्या तशी. तेच डायल, तीच किल्ली, तेच पेडल. समोर तीन पडदे, त्यावर इंदूरचा रनवे. केबिनच्या मागे माझं टेबल, आणि मुलांना मी दिसावी म्हणून केबिनमध्ये लावलेला एक छोटा आरसा. तिथून मी वारा वाढवते, धुकं आणते, इंजिन बंद पाडते. केबिन जागची हलत नाही, तरी मुलांच्या पाठी घामानं भिजतात.

उड्डाणाआधी रनवेच्या तोंडाशी थांबून इंजिनाची ठिणगी तपासायची असते. अशा विमानाच्या इंजिनाला ठिणगी देणाऱ्या दोन वेगळ्या यंत्रणा असतात, डावी आणि उजवी. त्यांना मॅग्नेटो म्हणतात. एकीनं दगा दिला तर दुसरीनं खाली आणावं, म्हणून दोन. इंजिन सतराशे-अठराशे फेऱ्यांवर आणायचं. किल्ली 'बोथ'वर असते, म्हणजे दोन्ही चालू. ती 'राइट'वर फिरवली की डावी गप्प होते, इंजिन एकट्या उजवीवर चालतं. एकटीवर भार आला की ते जरा मलूल होतं आणि फेऱ्यांची सुई शंभरेकानं खाली पडते. परत 'बोथ', सुई वर. मग 'लेफ्ट', पुन्हा थोडी खाली. फार पडली तर बिघाड. पण अजिबात नाही पडली तर जास्त वाईट. कारण मग जिला आपण गप्प केलं असं समजतो, ती गप्प झालेलीच नसते. इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात घातली, तरी ती जागीच. आणि त्या बंद इंजिनाचं पातं कुणी हातानं फिरवलं तर ती ठिणगी देऊ शकते.

नव्या मुलांना हे उलटं वाटतं. सुई जागची हलली नाही की ती खूश होतात. "मॅम, कितना स्मूथ है!" त्यांना समजावून सांगता सांगता माझी किती वर्षं गेली. आणि ज्या वर्षी ते सांगण्याची खरी गरज होती त्या वर्षी मी नेमकं उलटं सांगितलं.

त्या वर्षी फेब्रुवारीत आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. चारपाच शब्द तेवढे राहिले: पाणी, नको, माझं नाव, आणि 'मग'. मी लग्न केलं नव्हतं, भाऊ नव्हता. घरात आम्ही दोघीच. रात्री तीनदा उठून तिची कूस बदलायची, पहाटे अंग पुसायचं, चादर बदलायची, आठला बाई आली की तिच्या हवाली करून रिक्षा पकडायची. मार्च गेला, एप्रिल आला. एकदा मी कुकरमध्ये पाणी न घालताच डाळ लावली. एकदा बँकेच्या रांगेत उभ्याउभ्या झोपले आणि पुढच्या माणसाच्या पाठीवर डोकं टेकलं. तो बिचारा हललाच नाही. म्हणाला, "कोई बात नहीं बहनजी, टिके रहो."

त्याच दिवसांत एका सकाळी एका मुलानं किल्ली 'राइट'वर नेली आणि सुई हलली नाही. मी मशीन बंद करून चालू केलं. पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही. तिसऱ्या दिवसापासून कधीच नाही. विमानाचा प्रश्नच नव्हता, हा सिम्युलेटरचा बिघाड होता. आत कुठेतरी एखादा काँटॅक्ट गेला असणार. त्यासाठी पुढचं पॅनेल उतरवायचं, तीसचाळीस स्क्रू, म्हणजे निदान अर्धा दिवस मशीन बंद.

आमचे मुख्य प्रशिक्षक कॅप्टन भटनागर यांना मी जाऊन सांगितलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "बाकी सब चल रहा है ना?"

"बाकी सगळं चालू आहे सर."

"तो वंदनाजी, परीक्षा सिर पर है। सिम बंद किया तो पूरी बैच का शेड्यूल गया। जून में खोल लेना, आराम से।"

मला वाद घालता आला असता. पूर्वी घातलेही होते. पण खरं सांगायचं तर त्यांच्या केबिनबाहेर आले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. ते काम माझ्या अंगावर पडलं नाही, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

आणि मग मी म्हणायला लागले, "ते सोडून द्या. मशीनचं आहे. पुढे चला." दिवसाला दहाबारा मुलं. प्रत्येकाला तेच. काही दिवसांनी वाक्य सगळं म्हणायचीही गरज राहिली नाही. "सोडून द्या," एवढंच.

ऋतुजा त्या बॅचमधली. चाळीसगावची, एकवीस वर्षांची. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. जुन्या इंदुरात एका घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची आणि तोंडाला ओढणी गुंडाळून स्कूटीवर यायची. आल्यावर आधी माठातलं पाणी दोन पेले घटाघटा प्यायची. इथली मुलं एकमेकांना भैयाऐवजी भिया म्हणतात हे ऐकून ती पहिल्या आठवड्यात हसत सुटली होती, आणि महिन्याभरात चहावाल्याला स्वतःच भिया म्हणायला लागली होती. माझ्याशी मात्र शुद्ध मराठीत बोलायची. मला ते आवडायचं. तिच्यासमोर मी माझी मराठी जरा झटकून घ्यायची.

पहिल्यांदा तिनं किल्ली 'राइट'वर नेली, सुईकडे पाहिलं आणि हात काढून घेतला.

"मॅडम, सुई पडली नाही."

"हो. ते मशीनचं आहे. पुढे चल."

"पण चेकलिस्टमध्ये लिहिलंय ना, पडली नाही तर उड्डाण नाही. परत फिरायचं."

"ऋतुजा, हे विमान नाही. ही पेटी आहे. पुढे चल, तुझ्यामागे चार जण ताटकळलेत."

तिनं विचारलं, "मग मी काय म्हणू? 'चेक्ड' म्हणू?"

"म्हण."

"चेक्ड," ती म्हणाली.

दुसऱ्या खेपेला तिनं विचारलं नाही, फक्त आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पाहिलंही नाही. मेच्या मध्याला तिचा हात तिथे थांबायचाच बंद झाला. राइट, बोथ, लेफ्ट, बोथ, चेक्ड, सगळं एका दमात. हे मी बघितलं होतं, अगदी नीट बघितलं होतं. आणि मनात म्हणाले होते, चला, एक तरी शहाणी झाली.

खरी विमानं बद्रीभियांच्या हाताखाली होती. साठीला आलेले मेकॅनिक, सांवेरकडच्या खेड्यातले, बोलणं अर्धं हिंदी अर्धं माळवी. स्वतःला इंजिनांची दाई म्हणवायचे. दुपारी गारव्याला माझ्या खोलीत येऊन बसत, खिशातली शेवेची पुडी उघडून टेबलावर ठेवत आणि म्हणत, "आपका जहाज अच्छा है मैडमजी, तेल नहीं पीता।" रोज न चुकता विचारायचे, "माँसाब कैसी हैं?" मेमध्ये त्यांनी गावाहून आईसाठी खरबुजं आणली होती, मऊ, तिला चावता येतील अशी निवडून.

त्यांना मी सिम्युलेटरचं सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. पण सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, आजच खोला. आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

मे संपत आला होता. सकाळचे दहा वाजले असतील. ऋतुजा एकटीच विमान घेऊन गेली होती. परीक्षेआधीचं तिचं शेवटून दुसरं उड्डाण. तासाभरानं उतरली. उतरली छान, असं नंतर सगळे म्हणाले. विमान शेडजवळ आणलं, इंधन तोडून इंजिन बंद केलं, किल्ली काढली, नियमाप्रमाणे सगळ्यांना दिसेल अशी समोर ठेवली. बद्रीभिया विमान सावलीत ओढायला गेले. ओढायचा दांडा लावताना पातं आड येत होतं. त्यांनी ते हातानं बाजूला फिरवलं. चाळीस वर्षांत किती वेळा फिरवलं असेल.

तापलेलं इंजिन एकदाच दचकलं. अर्धा फेरा.

माझ्या खोलीत तेव्हा स्पीकरमधून खोट्या इंजिनाची घरघर चालू होती, त्यामुळे खऱ्या इंजिनाचा आवाज मला आलाच नाही. कुणीतरी दार बडवलं तेव्हा कळलं.

मी पोचले तेव्हा बद्रीभिया चाकाला टेकून जमिनीवर बसले होते. उजव्या हाताला कुणाचा तरी पंचा गुंडाळलेला, आणि तो भराभर लाल होत होता. ते ओरडत नव्हते. समोरच्याला पटवून द्यावं तसं पुन्हा पुन्हा एवढंच सांगत होते, "चाबी निकली हुई थी। मैंने खुद देखी थी। चाबी निकली हुई थी।"

ऋतुजा विमानाच्या पंखाखाली उभी होती. मी तिच्याजवळ गेले. कुणी काही सांगायच्या आधीच मला सगळं कळलं होतं.

"राइटवर सुई पडली होती?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"नाही, मॅडम," ती म्हणाली. आणि अगदी हळू, "मी 'चेक्ड' म्हटलं."

बद्रीभियांचं मनगट मोडलं होतं. प्लेट घालावी लागली. दोन बोटं वाचवली, पण ती पुन्हा कधी पुरती मिटली नाहीत. डॉक्टर म्हणाले नशीब चांगलं, डोकं वाचलं. विमान तपासलं तेव्हा डाव्या मॅग्नेटोला गप्प करणारी तार जोडाशी तुटलेली निघाली. बोटभर तार. एवढीच.

दुसऱ्या दिवशी केंद्र बंद होतं. मी जाऊन सिम्युलेटरचं पॅनेल उतरवलं. किल्लीमागच्या स्विचमधली एक तांब्याची पट्टी झिजून काळी झाली होती. किल्ली 'राइट'वर गेली तरी आतल्या संगणकाला वाटायचं, अजून 'बोथ'वरच आहे. नवा स्विच स्टोअरमध्ये होता, पाकीटही न फोडलेला. बसवायला पाऊण तास लागला. कॅप्टनसाहेबांना मी अर्धा दिवस सांगितला होता.

मग केबिनमध्ये बसून किल्ली फिरवली. सुई पडली. परत वर आणली, परत पाडली. पाचसहा वेळा. मला वाटलं होतं रडू येईल. रडू आलं नाही, झोप आली. त्याच सीटवर, डोकं दाराच्या काचेला टेकून, मी दोन तास गाढ झोपले. मला तेव्हा स्वतःची शिसारी आली होती आणि तरीही झोप लागली होती. शरीराला असल्या गोष्टींशी काही देणंघेणं नसतं हे मला त्या दिवशी कळलं.

चार दिवसांनी कॅप्टनसाहेबांनी बोलावलं. चौकशीचा कागद त्यांच्यासमोर होता.

"लड़की ने लिखकर दे दिया है," ते म्हणाले. "जल्दी में थी, सुई पर ध्यान नहीं दिया। बच्ची है, एक सीजन रुक जाएगी, और क्या। आपका नाम कहीं नहीं है।" मग आवाज खाली आणून, आणि मला वाटतं मनापासूनच, म्हणाले, "आपकी माँ बीमार हैं। आप घर देखिए।"

मी घरी गेले. दुपार होती. बाईला लवकर सोडलं, आईला उशीला टेकवून बसवलं आणि मऊ भात भरवायला घेतला. भरवता भरवता तिला सगळं सांगितलं. सुईचं, ऋतुजाचं, खरबुजं आणणाऱ्या माणसाच्या हाताचं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय. माझं नाव नाही त्यात. कुणाला कळणार नाही."

"मग?"

तो शब्द तिच्या तोंडून आपोआप निघतो, त्यामागे काही असेलच असं नाही, हे डॉक्टरांनी मला सांगितलेलं होतं. मला ते माहीत होतं. तरी मी वाटी खाली ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून बसले.

संध्याकाळी उन्हं कलल्यावर शेजारणीला आईपाशी बसवलं आणि जुन्या इंदुरात ऋतुजाची खोली शोधत गेले. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. बॅग अर्धी भरलेली. मला पाहून उभी राहिली.

"खोटं का लिहिलंस?"

"तुमची नोकरी गेली असती."

"ते मी बघितलं असतं."

"आणि मॅडम," ती घडीवरून हात फिरवत म्हणाली, "सुई तर मीच पाहिली ना? तुम्ही विमानात नव्हतात."

खाली गल्लीत कुणीतरी हातगाडीवरची भांडी आवरत होतं, त्याचा खणखणाट चालला होता. तो थांबल्यावर मी विचारलं, "पाहिलीस तेव्हा काय झालं? खरं सांग."

"हात थांबला होता," ती म्हणाली. "मग तुमचा आवाज आला. सोडून दे, पुढे चल." आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, गाडी तपासताना कुणाचं ऐकायचं नसतं. पण मॅडम, तुमचं नाही तर मग कुणाचं ऐकायचं?"

तिला जवळ घ्यावंसं वाटलं. हात उचलला गेला नाही. मी तिला बॅग रिकामी करायला सांगितलं आणि जिना उतरले.

त्याच रात्री मी सगळं लिहून काढलं. दोन पानं. कधीपासून बिघाड होता, मी कुणाला सांगितला, मला काय उत्तर मिळालं, आणि मुलांना मी काय शिकवलं. शेवटी लिहिलं की या मुलीनं पहिल्या दिवशी बरोबर ओळखलं होतं, ती थांबली होती, मी तिला पुढे ढकललं. सकाळी कॅप्टनसाहेबांनी ते वाचून चष्मा काढला. "अपने पैर पर कुल्हाड़ी मार ली आपने," ते म्हणाले. "और मेरे भी।"

नोकरी गेली नाही. वर्षभर शिकवायला बंदी आली, फक्त मशीनची देखभाल. कॅप्टनसाहेब पुढच्या दिवाळीआधी दुसऱ्या गावी गेले. ऋतुजाला काढून टाकलं नाही, तिची परीक्षा पावसाळ्यानंतर घ्यायची ठरली. आज ती मोठ्या विमानांवर को-पायलट आहे. दोनतीन वर्षांतून एखादा फोन करते, ढगांविषयी बोलते.

बद्रीभियांना मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. जूनचे पहिले दिवस, आभाळ भरून आलेलं पण पाऊस नाही, जीव नकोसा करणारा उकाडा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आपको मालूम था?"

"हो. था."

"कब से?"

"पाच हफ्ते."

डाव्या हातानं त्यांनी चहाचा कप उचलला. अजून सवय झाली नव्हती, बशीत सांडला. "मुझे बोल देतीं," ते म्हणाले. "मैं कर देता।" एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. पुढे ते स्टोअरमध्ये बसू लागले, नटबोल्ट मोजून द्यायचं काम. दुपारी माझ्या खोलीत यायचे बंद झाले. येताजाता दिसत, नमस्कार करत, पण आईची चौकशी पुन्हा त्यांनी कधी केली नाही. दीड वर्षानं आई गेली तेव्हा मात्र आले. मागे, भिंतीशी उभे राहिले, स्मशानापर्यंत चालले आणि माझ्याशी न बोलता परत गेले.

त्यानंतर बरेच उन्हाळे आले. आता सिम्युलेटरचा एक दिवा जरी लागला नाही तरी मी खोलीला कुलूप घालते. मुलं कुरकुरतात, नवे साहेब वैतागतात. मला पाठीमागे काय नावं ठेवतात तेही मला माहीत आहे. यात माझा काही मोठेपणा नाही. भीती म्हणा. दमलेल्या बाईवर विश्वास ठेवू नये, हे मी स्वतःवरून शिकले आहे. आणि मी अजून दमतेच. दुपारी तीनच्या सुमाराला, लूनं दारं वाजत असताना, बाराव्या मुलाला तेच सांगताना जीभ जड होते, आणि ते जुनं वाक्य तोंडात तयार असतं, तिथेच, दातांच्या मागे. गिळावं लागतं. दर खेपेला.

पण मला सांगायचं आहे ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरचं.

पाऊस उघडला होता, रनवेच्या कडेचं गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. ऋतुजाची परीक्षा दोन दिवसांवर आली होती. एके दुपारी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. उन्हाळ्यानंतर आम्ही धड बोललो नव्हतो.

"मॅडम, तुम्हाला शिकवायला बंदी आहे ना?"

"आहे."

"मशीन तपासायला तर नाही?"

"नाही."

"मग मी बसते," ती म्हणाली. "तुम्ही तपासा."

ती सीटवर बसली, पट्टा लावला. मी मागे टेबलाशी. बिघाड टाकायला सुरुवात केली, न सांगता. 'राइट'वर सुई पडू दिली नाही. ती थांबली. "नाही जाणार. परत." 'लेफ्ट'वर सुई जास्त पाडली. "नाही जाणार." एकदा किल्ली बंद करून पाहताना इंजिन चालूच ठेवलं. तिनं इंधन तोडलं आणि म्हणाली, "पात्याजवळ कुणी जाऊ नका. लिहून ठेवा." आवाज कोरडा होता. आरशातून तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

शेवटी मी सगळे बिघाड काढून टाकले. स्वच्छ आकाश, वारा नाही, इंजिन उत्तम. तिनं किल्ली फिरवली. राइट, सुई खाली. बोथ, वर. लेफ्ट, खाली. बोथ, वर. सगळं जसं असावं तसं.

ती निघाली नाही.

पुन्हा तेच केलं. मग तिसऱ्यांदा. पुढे वाकून डायलच्या काचेवर नखानं टकटक केली, सुई खरंच हलते का अडकली आहे ते बघितलं. तिच्या मानेवर घाम आला होता.

"ऋतुजा," मी म्हणाले, "सगळं ठीक आहे. जा तू."

"थांबा, मॅडम," ती म्हणाली. मागे न वळता.

मी टेबलावरचे हात उचलून मांडीत ठेवले. तिनं चेकलिस्ट पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून, मोठ्यानं. मध्ये मला दोनदा बोलावंसं वाटलं, बोलले नाही. चौथ्यांदा तिनं सुई पाडली, वर आणली आणि पेन्सिलीनं आकडा लिहून घेतला. बराच वेळ गेला. मग तिनं थ्रॉटल पुढे केला आणि पडद्यावरचा रनवे आमच्याकडे धावत यायला लागला.